लोपेच्या दगडावरचा शेंदूर

हे मी इकडं आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. माजलगावात माझ्या दुकानी येणारं गिऱ्हाईक सहज विचारतं, "तुमी आफ्रिकेत होतात ना? काय पाहिलं?" आणि मी सुरू होतो. गॅबन देशातलं लोपे — एकीकडं भर दुपारी अंधारं असलेलं जंगल, दुसरीकडं पिवळ्या गवताची उघडी टेकाडं, गवतात हत्ती. आणि दगड! कैक शतकांपूर्वी माणसांनी त्यांवर कोरलेली वर्तुळं, एकात एक. एवढं सांगून थांबतो. पुढचं गिळतो.

पुढचं काय? सांगतो — जरा सावकाश.

मी तिथं लाकडाच्या कारखान्यात फिटर होतो. निघताना आईनं गावच्या मारुतीचा शेंदूर पुडीत बांधून दिला. "कुटं देव दिसला तर बोटभर लाव. लई लांब चाललास, बाबा." आपण तर बांधावरच्या गोट्यालाही शेंदूर लावतो, त्यात विचारायचं काय? एका सुट्टीत लोपे पाहायला गेलो. मार्सेल नावाचा माझ्याच वयाचा वाटाड्या होता. हत्ती दिसला की कसं थांबायचं, सगळं हातवारे करून शिकवायचा. दगडाला हात लावू नका, हे त्यानं तीनदा सांगितलं. तीनदा.

त्या वर्तुळांपुढं मला रडूच आलं. घरची आठवण, दुसरं काय? मार्सेल बाकीच्यांना घेऊन पुढं गेला होता. मी जवळच्या खोबरेल तेलात शेंदूर कालवला आणि सगळ्यात आतलं वर्तुळ भरून टाकलं. हात जोडले. फार बरं वाटलं — हेही खरंच.

तासाभरात बोंब झाली. सहल चालवणाऱ्या मालकानं आम्हाला ओळीनं उभं करून विचारलं. मी मान हलवली — मला माहीत नाही. लाल बोटं खिशात घातली. मग तो मार्सेलवर घसरला: यांना एकटं सोडलंसच कसं? त्याचं काम तिथल्या तिथं गेलं. मी दोन पावलांवर उभा होतो. बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? थोडी बेअब्रू. त्याचं पोट गेलं.

भक्ती होती, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. शेंदूर लावला ती असेल. गप्प बसलो ती नव्हती.

मागच्या महिन्यात मोबाइलवर त्याचा फोटो दिसला. केस पिकलेले, भोवती शाळेची पोरं, तो त्यांना दगड दाखवतोय. मार्सेल पुन्हा तिथं! इतका आनंद झाला की शटर अर्ध्यावर ओढून मी त्याला लिहायलाच बसलो. भाषांतर फोननं केलं, कबुली माझी.

चार दिवसांनी उत्तर आलं. त्याला तेव्हाच माहीत होतं — बोटं खिशात घालताना त्यानं मला पाहिलं होतं. त्यावर आणखी एक शब्द नाही. फक्त एवढंच, की तो रंग अजून निघालेला नाही, आता साफ करणारी माणसं येणार आहेत, तर त्यात काय काय होतं ते नीट कळव.

मी कळवलं. शेंदूर, खोबरेल, किती जाड, सगळं. खाली माझं आणि गावाचं पूर्ण नाव घातलं. उशीर झालाय, फार झालाय. पण आता तिथल्या एखाद्या पोरानं विचारलं, हे कुणी केलं — तर मार्सेलला माझं नाव सांगता येईल.