तळ बघणाऱ्या बाई

पाणी दिसलं की बाई आधी तळ बघायच्या. बादली असो, टाकी असो, लग्नातलं सरबताचं पातेलं असो. "वरून शांत आहे, पण खाली काय चाललंय?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सोसायटीत त्यांना जरा चक्रमच समजतात.

बाई राहायच्या त्या बदलापूरच्या सोसायटीत मी पंप सांभाळतो, टाक्या धुतो. राहतो वांगणीला. गाव लांब, कोकणात खाडीकाठी. शाळा नववीत सुटली. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. मला कामाला त्यांनीच लावलं, चहाही रोज त्यांच्याकडेच.

एकदा गच्चीवरची टाकी धुवायला घेतली होती. पाणी अर्ध्यावर, तळाशी एका बाजूला गाळाचा ढीग. बाई गुडघे धरत वर आल्या, म्हणाल्या, थांब, आणि झाडूच्या दांड्याने ढीग ढोसला. गाळ भसकन घसरला. पाणी त्या बाजूला खचलं आणि समोरच्या भिंतीवर चढलं. समुद्राच्या तळाशीही असेच उतार असतात, त्यांवरचा गाळ सुटला की त्सुनामीची लाट उठते, असं त्यांनी सांगितलं. भूकंप झाला तरच ना, मी विचारलं.

"बऱ्याचदा. पण कधी किनाऱ्यावर हादरा न जाणवताही."

माझी आई पाण्याकाठीच. तसं मी बोलून गेलो. त्यावर बाई म्हणाल्या, आपल्याकडे हे क्वचितच, झोप उडवून घेऊ नकोस. अशा लाटेआधी कधी पाणी मागे हटतं, असं सांगून विचारलं, "पाणी अवेळी लांब मागे गेलं, तर तुमच्याकडे काय करतात?"

"टोपली घेऊन धावतात. तिसऱ्या-शिंपल्या मिळतात ना."

बाईंनी झाडू खाली ठेवला. "आईला फोन लाव."

ओहोटीची वेळ नसताना पाणी हटलं, किंवा समुद्राचं काही वेगळंच दिसलं, तर टोपली टाकायची आणि देवळाची टेकडी चढायची, असं त्यांनी आईला दोनदा बजावलं.

"नवी टोपली टाकूची कशी ओ बाई?"

"टोपली मी देईन. तुम्ही चढा."

दोघी हसल्या.

दिवाळीनंतर बाई गेल्या. आईला सांगायचा मला धीर झाला नाही. परवा तिचाच फोन. भलत्या वेळी पाणी हटलेलं दिसलं, तशी ती हाका मारत बायकांना टेकडीवर घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत बसल्या. काहीच झालं नाही. बायका अजून चिडवतात. खाली टाकलेली टोपली तेवढी भरतीने नेली.

"तुझ्या बाईंका सांग, टोपली गेली. नवी धाडूक होयी."

मी हो म्हटलं. कामावरून सुटल्यावर स्टेशनबाहेर टोपल्या विकणाऱ्या मावशींकडे गेलो. एक टोपली उचलली, उलटी केली आणि आधी तळ बघितला.