ताईचे दलदलकर

माझे भावोजी लोकांचे दात बनवतात. दाताचे डॉक्टर मापं काढून पाठवतात आणि दवाखान्यामागच्या अरुंद खोलीत, खिडकीशी लावलेल्या टेबलावर, भावोजी गुलाबी मेणात एकेक दात रोवून कवळी उभी करतात. दात फार पांढरा झाला तर खोटा दिसतो, म्हणून त्यावर अगदी फिकट पिवळी, राखाडी छटा चढवतात. कोणाच्या तोंडातलं काम बनावट म्हणून ओळखू आलं, तर त्यांना जेवण जात नाही. आपलं काम पुरं झालं असं या माणसाला स्वतःहून वाटलेलं मी कधी पाहिलेलं नाही. दवाखान्यातलं कोणीतरी येऊन ते हातातून ओढून नेतं, म्हणून लोकांना वेळेवर चावता येतं.

हाच माणूस घरी राक्षस करायचा. राक्षस, जखीण, चिलखत घातलेले पहारेकरी, पायाच्या बोटांत बदकासारखे पडदे असलेली पाणमाणसं, सगळे अंगठ्याएवढ्या उंचीचे. दातांच्याच हत्यारांनी मेणात कोरायचे, साचा काढायचा, त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतायचं, घासायचं आणि मग भिंग लावून रंगवायचं. मी एकदा त्यांना बाहुल्या म्हणाले, तर आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. मला ते लवंगी म्हणतात, मिरचीवरून. मी काही सुधारले नाही.

या मंडळींसाठी त्यांनी एक खेळ रचला होता. जेवणाच्या टेबलावर थर्माकोलची जमीन अंथरायची. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती, जुन्या टूथब्रशच्या केसांची लव्हाळी, व्हार्निशचे थर देऊन केलेलं नदीचं पाणी, त्यावर एक पूल. मधोमध एक पडका मनोरा आणि त्यात एक जादूचा दिवा. समोरासमोर दोन टोळ्या. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून माणसं पुढे सरकवायची, वाटेत चकमक झडली तर झडली, आणि जी टोळी तो दिवा आपल्या बाजूच्या कडेपलीकडे नेईल ती जिंकली. एवढाच खेळ. पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीला नियम होता, आणि नियमांची प्रत्येक नवी आवृत्ती माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन जायची, म्हणून हे सगळं मला नको तितकं ठाऊक आहे.

खेळ रचणाऱ्याला समोर कोणीतरी खेळायला लागतं. ते काम माझ्या ताईचं.

ताई बस आगारात ड्यूट्या लावायची. गाड्या कमी, ड्रायव्हर त्याहून कमी, त्यातला एक आजारी, एक रुसलेला, आणि तरी सगळ्या फेऱ्या सुटल्या पाहिजेत. आयुष्यभर तिनं हेच केलं. राक्षसांचं तिला काडीचं प्रेम नव्हतं. नवऱ्याचा हट्ट म्हणून ती पहिल्यांदा टेबलाशी बसली. भावोजींनी पोलादी पहारेकरी स्वतःकडे ठेवले आणि पाणमाणसं तिला दिली. त्यांनी त्या टोळीला ‘धुक्याचे वारसदार’ असं भारदस्त नाव दिलं होतं. ताईनं चष्मा वर केला, एकेकाला उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, ‘हे तर आपले दलदलकर.’ झालं. वारसदार गेले आणि घरात दलदलकर मंडळी राहायला आली.

आणि मग तिला गोडी लागली. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी चहाला गेले की दोघं टेबलाशी भिडलेली असत. भावोजी उभे, हातात पट्टी. ताई बसलेली, हनुवटी तळहातावर, जणू उद्याच्या फेऱ्या लावतेय. तिचे दलदलकर लढाईत अगदीच लेचेपेचे होते, एका फटक्यात आडवे. म्हणून ती लढतच नसे. एकदोघांना पुलाकडे पाठवून नुसती खुडबुड करायची आणि बाकीच्यांना लव्हाळ्यातून दूरदूर उभं करायची. भावोजी पहारेकरी घेऊन पुलाकडे धावले की इकडे दिवा मनोऱ्यातून उचलायचा आणि या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात, असा एका खेळीत टेबलाच्या पार कडेपर्यंत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या.

दिवा कडेपाशी पोचला आणि भावोजींनी हात वर केला. म्हणाले, ‘थांब. इथे नियम चुकलाय.’

इथेच सगळं बिघडलं. त्यांना मनापासून वाटलं की खेळात भोक आहे. कमकुवत टोळी इतक्या सहज जिंकते म्हणजे कुठेतरी दोष असणारच, जसा कवळीत एक दात उंच राहिला की सगळा घास बिनसतो. त्यांनी कागद घेतला, लिहिलं की एका खेळीत दिवा एकदाच हातबदल करेल, आणि सगळी माणसं उचलून पेटीत ठेवली. डाव तिथेच संपला. संपला कसला, थांबला. ताई हसली. म्हणाली, दुरुस्त कर, पुढच्या वेळी पाहू.

पुढच्या वेळी तिनं दुसरी वाट काढली. दलदलकरांना धुकं पसरवायची मुभा होती, त्यात तिनं माणसं लपवली. पुन्हा हात वर, पुन्हा नियम चुकलाय. धुकं आखूड झालं. मग तिनं पाण्यातून वेढा घातला, तर पाण्यात दलदलकरांचा वेग निम्मा झाला. आता पाणमाणसांना पाण्यातच चालता येत नाही, हे मी भावोजींना सुनावलंही. ते शांतपणे म्हणाले की लवंगी, समतोल म्हणून एक गोष्ट असते. वर्षानुवर्षं हेच चाललं. ती जिंकायला आली की डाव मोडायचा. भावोजींची सरशी असली तर मात्र तिलाच दिसायचं की आता उरलं काही नाही, ती उठून कुकर लावायची. त्या टेबलावर एकही डाव शेवटपर्यंत खेळला गेला नाही.

तिला फार काही नको होतं. एक डाव. सुरू करायचा आणि मध्ये कागद न काढता संपवायचा, मग हार येवो की जीत. ती हे थट्टेत म्हणायची, मग नुसतंच म्हणायची, मग म्हणेनाशी झाली. दोघं एकाच शाळेतली, लग्नाआधीची ओळख, ती त्यांना एकेरीतच हाक मारायची. एकदा माझ्यासमोर म्हणाली, ‘तू एकदा मला जिंकू दे की रे, मग कर काय दुरुस्ती करायची ती.’ भावोजी म्हणाले की एवढे नियम पक्के होऊ देत, मग खेळूच, निवांत खेळू. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटायचं की पक्का झालेला खेळ तिला द्यावा. अर्धामुर्धा खेळ बायकोला काय द्यायचा. त्यांचा मला राग येतो, अजून येतो, पण त्यांच्या मनात कपट होतं असं मी म्हणणार नाही.

मग ताई आजारी पडली. रक्ताचा आजार, आधी नुसता थकवा, मग आगाराची नोकरी सुटली, मग अंथरूण. भावोजींनी दवाखान्याचं काम निम्म्यावर आणलं. ताईचं खाणंपिणं, औषधं, केस विंचरणं सगळं त्यांनी केलं, आणि कुठेही कुचराई केली नाही. टेबलावर पेट्या तशाच पडून होत्या.

एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. मी उशा रचून तिला बसतं केलं होतं. तिनं स्वतःच विषय काढला. भावोजी धावत गेले, थर्माकोलची जमीन पलंगावर बसेल इतकी कापून आणली, मनोरा ठेवला, पूल ठेवला, आणि तिच्यासमोर एकेक दलदलकर मांडला. तिनं अट घातली की आज कागद आणि पेन घरात कुठे दिसता कामा नये. भावोजींनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं.

त्या दिवशी त्यांनी खरोखर हात वर केला नाही. माणसं मी सरकवत होते, ताई बोटानं दाखवत होती. इतकी वर्षं बांधून ठेवलेले दलदलकर आता अगदीच लंगडे झाले होते, पण ती हळूहळू त्यांना पुढे आणत होती. तिच्या गालांवर रंग आला होता. एक दलदलकर मनोऱ्यात शिरला, त्यानं दिवा उचलला, आणि दारात भावोजींच्या पहारेकऱ्यांचा नायक उभा होता. त्यानं तिथून हलायची काही गरज नव्हती. दार अडवून नुसतं उभं राहिलं असतं तरी झालं असतं. भावोजींनी पट्टी लावली आणि नायकाला बाजूला, नदीकडे नेलं.

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. मला काही कळलं नव्हतं, मी पुढचा फासा तिच्या हातात देत होते. तिनं तो घेतला नाही.

‘तो तिथून का हलवलास?’ तिनं विचारलं.

भावोजी म्हणाले की त्यांना नदीकडून धोका वाटला.

‘नदीकडे कोणी नाहीये,’ ती म्हणाली. ‘हेही दुरुस्तच केलंस तू. निदान हरवायचं तरी होतंस रे मला.’

मग ती मागे टेकली आणि मला म्हणाली, आवर हे, मला झोपायचंय. मी सगळं पेटीत भरलं. भावोजी खिडकीपाशी उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून. त्या आजारपणात ती परत खेळायचं म्हणाली नाही आणि त्यांची विचारायची छाती झाली नाही. पुढे थंडी सुरू होता होता ती गेली.

त्यानंतर भावोजींनी खेळ पुरा केला. आता मोडता घालायला समोर कोणी नव्हतं, त्यामुळे नियम पक्के झाले. खेळण्यांच्या एका दुकानाच्या मालकिणीला त्यांच्या आकृत्या फार आवडल्या. तिच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मोठी टेबलं आहेत, तिथे असे खेळ खेळणारे कॉलेजातले, नोकरीतले लोक जमतात. तिनं खेळाच्या काही पेट्या करून घेतल्या आणि एका रविवारी सगळ्यांना खेळायला बोलावलं. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला म्हणाले, लवंगी, तू चल, मी एकटा गेलो तर मध्येच नियम दुरुस्त करायला लागेन. हा विनोद होता. मी हसले नाही, पण गेले.

लोकांनी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं. लव्हाळी कशाची केली विचारलं, टूथब्रश ऐकून हसले. पण दुपार सरत आली तशी सगळ्या टेबलांवर एकच तक्रार सुरू झाली. पाणमाणसं कोणालाच नको होती. जो घेईल तो हरत होता. शेवटी मालकीणबाई चहाचा कप घेऊन भावोजींच्या शेजारी बसली आणि सरळ म्हणाली की काका, ही टोळी तुम्ही फार आवळून टाकलीय, हिनं जिंकताच येत नाही.

भावोजी म्हणाले की आवळावंच लागलं, मोकळी सोडली तर ती दरवेळी जिंकते.

तिला ते पटेना. खेळणारी बाई, गप्प कशी बसेल. तिनं मंडळींना सांगितलं की काकांची सगळी बंधनं काढा आणि पहिल्या दिवशी होते त्या नियमांनी खेळून पाहू. भावोजींना ते तोंडपाठ होते. दिवा हवा तितक्या वेळा हातबदल करेल, धुकं लांबवर, पाण्यात पूर्ण वेग. दोन टेबलांवर डाव लागले. दलदलकर हरले. खेळणारे बदलून पुन्हा लावले. पुन्हा हरले. मालकीणबाईनं मग स्वतः ते हातात घेतले. भावोजींनी तिला दिव्याची साखळीसुद्धा समजावून सांगितली. तिनं माणसं लव्हाळ्यात ओळीनं उभी केली आणि समोरच्या पोरानं दोन पहारेकरी मध्ये घालून ती ओळ कापून टाकली.

ती म्हणाली, ‘दोष नाहीये हो यात. अवघड आहे, पण दोष नाही. तुमच्याशी कोण खेळायचं?’

‘माझी बायको,’ भावोजी म्हणाले.

‘मग त्यांची साखळी कशी नाही तुटायची?’

भावोजी टेबलावर वाकले. त्यांचे ओठ हलत होते, जणू जुना डाव मनातल्या मनात मांडत होते. मग अगदी हळू म्हणाले, ‘तोडायला मी तिथे नसायचो. दरवेळी ती मला पुलाकडे पाठवायची. आणि मी जायचो.’

मालकीणबाई हसली, मोकळेपणी, कौतुकानं. म्हणाली, भारी खेळायच्या की मग काकू, एकदा घेऊन या त्यांना, आम्हालाही शिकू द्या. तिला बिचारीला ठाऊक नव्हतं. मी डोळ्यांनी खूण केली तेव्हा तिला कळलं आणि ती कप घेऊन उठली.

घरी येताना भावोजी रस्त्यात थांबले, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. पेटी मांडीवर. मला त्यांना खूप काही लागट बोलायचं होतं, इतकी वर्षं साठवलेलं, आणि आता तर हक्कच होता. पण त्यांनीच आधी बोलायला सुरुवात केली.

‘मी तिला दरवेळी म्हणालो, नियम चुकलाय,’ ते म्हणाले. ‘ती हसायची. मला वाटायचं तिलाही पटलंय. ती चांगली खेळतेय, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही गं. एकदाही नाही. समोर बसलेलो असायचो मी.’

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं, आणि मलाही.