थेंबातली वळवळ

जनावरांच्या लॅबमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. ते डब्यात, पिशवीत, शेणामुतासोबत घरपोच येतात! फक्त आमचे किस्से ऐकून लोक हसत नाहीत; उठून हात धुऊन येतात.

वर्ध्याच्या आमच्या लॅबमध्ये माणसं तीन. मी, आमचे प्रमुख झाडे सर आणि जीन तपासणाऱ्या मेश्राम मॅडम. आमच्या वाट्याला आलेला जीव म्हणजे ट्रायकोमोनास. एका पेशीचा परजीवी, पण मायक्रोस्कोपखाली शेपट्या झटकत असा धावतो, की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

"काचेतून बाहेर नाही येत तो," मॅडम म्हणाल्या.

"मला माहीत आहे मॅडम. पण त्याला माहीत आहे का?"

*

केळझरकडच्या एका गावात गाई वळूकडून भरवल्या तरी पुन्हा माजावर यायच्या. काहींचा गाभ पडायचा. गावात करणीची कुजबुज सुरू झाली. एकट्या राहणाऱ्या एका बाईच्या दारावरून लोक जाईनासे झाले.

आम्ही चौकशी केली, तर सगळ्या गाई एकाच वळूकडे गेलेल्या. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, माशी बसली तर घसरून पडेल असा! त्याचा नमुना पाहिला. थेंबात नुसती वळवळ.

मालक चिडले. "डॉक्टर, याले काऊन बिमार म्हणून राह्यले तुमी? कसा चमकून राह्यला पाहा ना!"

"काका, त्याला स्वतःला काही होत नाही. तो फक्त वाटत जातो."

म्हातारा मालक बैलाच्या पाठीवर ठेवलेला हात काढून मागे सरला. त्या बाईच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "आन आमी कोणाले धरलं होतं!"

*

मॅडमच्या मांजरीचे जुलाब काही केल्या थांबेनात. शेवटी मॅडमनीच तिची विष्ठा मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि ओरडल्या, "सर, माझ्या घरात बैल नाही हो!"

दिसायला हुबेहूब तोच. आपल्याच कपड्यांवरून लॅबमधला जीव घरी गेला, या भीतीनं मॅडम मांजरीला जवळ घेईनात. ती दाराबाहेर बसून ओरडायची आणि या आत बसून रडायच्या.

जीन तपासले. बैलातला आणि मांजरीतला जीव जुळे भाऊ दिसतात, पण जीनमधली अक्षरं वेगळी. लॅबमधून गेलेलाच नव्हता! मॅडमच्या जिवात जीव आला. चहा मागवला.

मी सहज विचारलं, "मग आला कुठून?"

मॅडमनी कप खाली ठेवला.

*

सिंदी रेल्वे गावचे रफीकभाई कबुतरं पाळतात. एकदा पिशवीतून एक पिल्लू घेऊन आले. घशात पिवळा, पनीरसारखा गोळा. दाणा गिळता येत नव्हता. तपासलं, तर तोच, कबुतरातला प्रकार.

"दाणा कसा भरवता?" मॅडमनी विचारलं.

"चावून. मंग तोंडानंच देतो त्याच्या चोचीत. माय कशी देते, तसं."

कबुतरातल्या या जीवाचे जीन माणसात सापडणाऱ्या एका प्रकाराच्या फार जवळचे आहेत, हे मॅडम बोलून गेल्या. रफीकभाईंचा हात गळ्याशी गेला. "सकाळपासून घसा दुखून राह्यला माहा."

आम्ही त्यांना लगेच दवाखान्यात पाठवलं. तिथं काही निघालं नाही. ते सांगायला आले, पण चेहरा उतरलेलाच. "घसा साफ हाय म्हनते. पन आता थुका गिळाचंई भेव वाटते!"

*

एकदा कुत्र्यांच्या तोंडातले नमुने तपासायचे होते. झाडे सरांनी आपल्या मोतीचा आणला. तुलनेसाठी एक स्वच्छ नमुनाही हवा होता, ज्यात हा जीव नसेलच असा. सर म्हणाले, "माझाच घ्या ना! दोन वेळा ब्रश करतो मी." आणि स्वतःच्या हिरड्यांवरून कापसाची काडी फिरवून दिली.

मॅडमनी आधी मोतीचा पाहिला. वळवळ होती. मग सरांचा पाहिला आणि उठून मला जागा दिली.

मी पाहिलं. मग सरांनी पाहिलं.

"स्लाइड बदलली असेल," सर म्हणाले. पुन्हा काडी फिरवली. पुन्हा तेच.

जीन तपासले. अक्षर न् अक्षर सारखं! आता मॅडमनी विचारायला नको होतं, पण विचारलं, "सर, हा आधी कोणाच्या तोंडात होता?"

 सर म्हणाले, "सुट्टीसाठी नात आली आहे माझ्याकडे. ती अन् मोती एकाच बिस्किटाला तोंड लावतात."

आणि डबीतून आणखी एक काडी काढून त्यांनी खिशात ठेवली.