आम्ही की आपण

२००५ साली माझं पोस्टिंग अमेरिकेत, फ्रीमाँटला झालं. म्हणजे मुलाकडे. पायदळातून सुभेदार म्हणून रिटायर झालो होतो, पण रिकामा बसणारा मी नव्हे. दर रविवारी १६०० वाजता एका चर्चच्या हॉलमध्ये मराठी उपासना असायची. तिथली मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागणं, लिहायची ड्यूटी मी मागून घेतली.

आजारी, प्रवासी, व्हिसाला अडकलेले, असा क्रम. शेवटी माझ्या प्लॅटूनच्या तीन शहिदांची नावं आणि त्यांच्या घरच्यांसाठी विनंती. त्या तिघांना मीच पाठवलं होतं. सकाळी ०९४० ला रेडिओवर म्हणालो, "पुढे सरका." उत्तर आलं, "रॉजर, साहेब." त्यानंतर सेट बोलला नाही.

दोन वर्षांनी चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "सुभेदारकाका, तुमची प्रार्थना रोल कॉलसारखी वाटते हो. आता संजय लिहील."

संजय नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला, तिशीच्या आतला. त्याने एकदा प्रार्थना केली तर बायकांनी डोळे पुसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ड्यूटी गेली तर माझ्या पोरांची नावं कोण घेणार?

शनिवारी तो दोन पानं घेऊन आला. "काका, माझं मराठी वीक आहे. प्लीज चेक करून द्या ना."

पहिल्याच ओळीत चूक. 'हे प्रभू, आपण पापी आहोत.' अरे बाबा, 'आम्ही' लिही! 'आपण' म्हटलं की देवसुद्धा पाप्यांच्या रांगेत उभा. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दुसरं पान तर उलटलंसुद्धा नाही. म्हणालो, "फर्स्ट क्लास. जा."

रविवारी १६२५ ला त्याने पहिली ओळ वाचली आणि मावशीमंडळी खुदकन हसली. संजय लालबुंद. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू. मग त्याने पान उलटलं.

"नाईक दत्तू सकट. शिपाई बाळू खोत. शिपाई रमेश आडे. प्रभू, हे आपले होते. त्यांच्या घरच्यांना सांभाळ. आणि दर रविवारी ही नावं घेताना ज्या काकांचा आवाज बसतो, त्यांनाही सांभाळ."

पुन्हा तीच चूक. 'आमचे' हवं होतं; 'आपले' म्हटलं की देवाचेसुद्धा. या वेळी कोणी हसलं नाही. माझ्यासाठी आजवर कुणी असं मागितलं नव्हतं.

नंतर मी त्याला चूक सांगितली. मुद्दाम गप्प बसलो होतो, तेही सांगितलं.

"मग दोन्ही पानं करेक्ट करू, काका?"

"पहिलं कर. दुसऱ्याला हात लावू नकोस."

ड्यूटी त्याच्याकडेच राहिली. जळतो मी अजूनही. दत्तू, बाळू, रमेश. तो माझ्यापेक्षा नीट घेतो त्यांची नावं.