दाजी आणि बावा
सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास आला की मला सोलापुरातला तो हातमागाचा कारखाना आठवतो. शेजारच्या मागावर माझा तेलुगू मित्र बसायचा. दुपारी मिलचा भोंगा झाला की आम्ही दोघांत एक कप चहा घ्यायचो. अर्धा चहा बशीत ओतून तो माझ्यापुढे सरकवायचा, "घ्या की, दाजी!" नात्याचा पत्ता नव्हता, तरी त्या हाकेनं मी फुगून जायचो. एके दिवशी त्याच्या गावाकडचा एक विणकर कामाला लागला आणि माझी बशी त्याच्यापुढे गेली. "तागु, बावा!" पी म्हणून त्यानं तेलुगूत आग्रह केला. माझा नुसता जळफळाट झाला. "बावा म्हंजे काय रं?" मी विचारलं. "दाजीच की." "मग मलाबी बावाच म्हण." तो खळखळून हसला आणि लहान पोराची समजूत काढावी तसा म्हणाला, "बरं, बावा." संध्याकाळी नळावर हात धुताना मागून त्याची हाक आली, "बावा!" मी लगेच वळलो. तो त्या दुसऱ्याला बोलवत होता. आता तो कारखाना नाही, मित्रही नाही. पण बाजारात कुणी "बावा" म्हणून हाक मारली की मी अजून झटकन वळतो, त्या दुसऱ्याच्या आधी.