कुसुमने बांधलेल्या लाल चिंध्या

घाटंजीच्या आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते, तेवढ्यात सूनबाई गर्दीतून वाट काढत येताना दिसली. ती मला शोधायला बाजारात कधी येत नाही. तिचा चेहरा पाहिला आणि हातातलं वांगं मी खाली ठेवलं. "आई, कुसुममावशी गेल्या," एवढंच ती बोलली... आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, काकू, तुम्ही तिच्या लहानपणच्या, पेपरात तुम्हीच लिहा. लिहायला बसते आणि हात थांबतो. कारण खरं लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागते, आणि ती तिच्या मुलाला, प्रशांतला, अजून ठाऊक नाही.

आम्ही दोघी एकाच खेड्यातल्या. शाळा सुटली की लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायचो. मी चौथीतच शाळा सोडली, पुढचं सगळं पेपर आणि वाचनालयातली पुस्तकं वाचून शिकले. कुसुम शिकत राहिली आणि घाटंजीच्या शाळेत बाई झाली. मुलींना खो-खो शिकवायची आणि मुलींपेक्षा स्वतःच जास्त पळायची. निवृत्तीनंतरही पहाटे निऱ्या खोचून, प्रशांतचे जुने बूट घालून गावाबाहेरच्या सडकेवर धावत निघायची. लोक थट्टा करायचे, "कुसुमबाई, बस चुकली काय?" ती न थांबता ओरडायची, "चुकली कायची? बस माह्या मागं हाये!"

नवरा गेल्यावर प्रशांत तिला आपल्याजवळ घेऊन गेला. तो फौजेत, त्यामुळे गाव सगळं मिलिटरीचंच. जिकडे जावं तिकडे फाटक, पाटी आणि बंदूकवाला पहारेकरी. पहिला महिना तर तिला धावायला जागाच सापडली नाही. या गल्लीत गेली तर "माताजी, पास दिखाओ," त्या गल्लीत गेली तर "आगे मना है." मग तिने एकेक करून वाटा हुडकल्या. क्वार्टरांच्या मागून निलगिरीच्या झाडांखालची मातीची पायवाट, पुढे पाण्याची जुनी टाकी, आणि तिथून गोळीबाराच्या मैदानाच्या तारेला धरून अर्धा फेरा. मैदानावर गोळ्या चालायच्या असल्या की झेंडा चढवत, त्याच्या आत परतायचं. गेल्या हिवाळ्यात तिने मला महिनाभर राहायला बोलावलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो सगळा फेरा दाखवायला नेलं. ती पुढे दुडक्या चालीने, मी मागून धापा टाकत.

दर वळणावर फांदीला लाल चिंधी बांधलेली होती. मला लगेच ओळखू आलं. वेचणीला आम्ही असंच करायचो. संध्याकाळी आपली ओळ जिथे सोडली तिथल्या पऱ्हाटीला, कपाशीच्या झाडाला, चिंधी बांधायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी आपली जागा नेमकी सापडते. ज्याच्या-त्याच्या चिंधीचा रंग वेगळा, कुसुमचा लाल. मी हसून म्हटलं, "अवं, इथं कोन येते तुही ओळ वेचाले?" ती हसली नाही. टाकीजवळ थांबली आणि माझा दंड धरला. "लीले, मले वाट ध्यानात नाही राहून राह्यली. परवा इथंच उभी होती, अन् घर कोन्या बाजूनं हाये तेच सुचेना... प्रशांतले सांगू नको. तो मले घरात कोंडीन."

दोन हातांवर ती तार, आणि तारेपलीकडे नुसतं मोकळं मैदान. एखाद्या सकाळी ही त्या बाजूला निघाली तर? त्यानंतर रोज ती परत येईपर्यंत मी दारातच बसून राहायची. उन्हं वर आल्यावर मैदानात पहिली गोळी सुटली की, ती समोर भाजी निवडत बसलेली असली तरी मी दचकून तिच्याकडे बघायची.

आठवड्याभराने एक सुभेदार दारात आला. हातात चिंध्यांची मूठ. मैदानाच्या कडेकडेने कोणीतरी खुणा करतंय म्हणून दोन दिवस पहारा वाढवला होता म्हणे. प्रशांत नुकताच ड्यूटीवरून आलेला, त्याचा चेहरा पांढरा पडला. सुभेदाराने विचारलं, "माताजी, ये निशान किसने लगाए?" कुसुमने माझ्याकडे बघितलं. फळ्यापुढे उभी केलेली, उत्तर न येणारी पोरगी बघते ना, तसं... आणि मी बोलून गेले, "हम बांध्या, साहेब. मन्नत है. घुटने की."

सुभेदाराने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "घुटने की मन्नत फायरिंग रेंज पे?"

"जितना दूर बांधेंगे, उतना जल्दी गुण आता."

तो हसला, समज देऊन गेला. प्रशांत मात्र भडकला. "मावशी, माही नोकरी गेली असती! तुले काही समजते का?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नंतर स्वयंपाकघरात कुसुमला गाठलं. मी म्हटलं, "आता तरी जाऊ नको व माय." ती म्हणाली, "धावली नाही त मी घरातल्या घरातच हरवीन, लीले."

मी परत आले. कोणाला काही सांगितलं नाही. ती आणखी पाच महिने धावली, बिनचिंध्यांची. आणि एक दिवस आठ वाजले तरी परतली नाही. ती सापडली तारेपलीकडे, मैदानाच्या मधोमध गवतात बसलेली. झेंडा वर चढलेला होता. एका जवानाला तिचं पिवळं लुगडं वेळेवर दिसलं, म्हणून वाचली. त्यानंतर दाराला कुलूप लागलं. प्रशांतचं काही चुकलं नाही, त्याने दुसरं काय करायचं होतं? कुलपाआड तिसऱ्या महिन्यात तिला ताप आला, छातीत कफ साठला, आणि ती गेली.

तर प्रशांत, चिंध्या माझ्या नव्हत्या, तुझ्या आईच्या होत्या. कशासाठी होत्या, ते मला माहीत होतं. त्या दिवशी खरं बोलले असते, तर ती गोळ्यांच्या तोंडी जाऊन बसली नसती. आणि खरं बोलले असते, तर ते पाच महिनेही तिला मिळाले नसते. मी किती वेळा दोन्ही बाजूंनी विचार केला, दर वेळी तो झेंडाच डोळ्यांपुढे येतो. त्या पाच महिन्यांत धावून आली की साडेसहाला ती मला फोन करायची, बोलणं एवढंच, "लीले, आली मी घरी." की माझा जीव भांड्यात पडायचा. अजूनही साडेसहाला मी फोन मांडीवर घेऊन बसते. हा पेपर रविवारी तुझ्या हाती पडेल. त्यानंतर फोन वाजला तर तो तुझा असेल. रागाव, बेटा, काय बोलायचं ते बोल. मी उचलीन.