चावी सोडली की बंद

माझे सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत विजेच्या देखभालीचं काम बघत. मूळचे अमरावतीकडचे, पण सगळी नोकरी दिल्लीत झाली. निवृत्तीनंतर त्यांनी मानेसरच्या पुढे थोडी जमीन घेऊन रोपवाटिका काढली आणि मातीची पोती, कुंड्या इकडून तिकडे न्यायला एक जुनी पेट्रोलची पिकअप ठेवली. इतक्या जुन्या गाड्यांना दिल्लीच्या आसपास रस्त्यावर यायला बंदी आहे, पण आमच्या कुंपणाच्या आत ती चालायची. तिची सगळी दुरुस्ती बाबा स्वतःच करायचे.

मागच्या हिवाळ्यात ती सारखी बंद पडायला लागली. दोष पॉइंटचा होता. इंजिन फिरताना डिस्ट्रिब्युटरच्या डबीत धातूचे दोन ठिपके उघडझाप करतात, त्यावर प्लगची ठिणगी अवलंबून असते. हे ठिपके झिजतात, काळे पडतात. ते घासून त्यांच्यातली फट पुन्हा नेमकी लावावी लागते. पूर्वी बाबा हे काम चहा थंड व्हायच्या आत उरकत. आता त्यांचा उजवा हात थरथरायचा. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. ते हात स्वेटरच्या खिशात ठेवत, कप डाव्या हातानं उचलत, आणि माझ्या नवऱ्यानं डॉक्टरचा विषय काढला की उठून बाहेर जात.

नवऱ्याचं मत होतं, गाडी भंगारात द्यावी. बाबांनी दुसरीच वाट काढली. कश्मीरी गेटच्या बाजारातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट आणवलं. पॉइंट काढून टाकायचे आणि त्या जागी चुंबकाची एक रिंग आणि एक छोटा काळा सेन्सर बसवायचा. मग घासणं नको, फट लावणं नको.

रविवारी नवऱ्याला ऑफिसचं काम होतं, म्हणून नोएडाहून बाबांना घेऊन मी रोपवाटिकेकडे निघाले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आमचं बोलणं ‘जेवलात का’, ‘पोचलात का’ यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. ते अबोल, आणि मलाही उगाच बोलायची सवय नाही. गाडीत सगळा वेळ रेडिओच बोलत होता.

पोचल्यावर बाबांनी पिकअपचं बोनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि पॉइंटचा स्क्रू सोडवायला घेतला. स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसेना. बसला की निसटायचा. मी जवळच उभी होते. मदत करू का, हे विचारायची हिंमत होईना. शेवटी स्क्रू सुटला आणि टपकन आत पडला. दोघांनी डबीत डोकावून पाहिलं, दिसेना.

बाबा मागे सरले. हात पुसायचं फडकं त्यांनी बराच वेळ चुरगाळलं.

“माझ्या हाताचं काही खरं नाही,” ते म्हणाले. “तू कर. मी सांगतो.”

“बाबा, मला यातलं काही येत नाही.”

“येत नाही म्हणून तर सांगतोय ना. तो चुंबक घे आधी.”

चुंबकानं स्क्रू निघाला. मग ते सांगत गेले तसं मी करत गेले. पॉइंट काढले, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर काढला, सेन्सर बसवला, रिंग दाबून बसवली. सेन्सरची लाल वायर कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या गुंडाळीच्या, प्लसला, काळी मायनसला. टोपी लावली आणि बाबांनी चावी पूर्ण फिरवून सेल्फ मारला.

इंजिन लगेच पेटलं. मी ओरडलेच. पण बाबांनी चावी सोडली आणि ते बंद झालं.

पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा पेटलं, पुन्हा बंद. आम्ही सगळी जोडणी तपासली. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर पाहिलं. अर्थिंग नीट मिळावं म्हणून डिस्ट्रिब्युटर जिथे इंजिनला टेकतो ती जागा घासली. काही फरक नाही. मग बाबा म्हणाले, जुने पॉइंट परत घाल. घातले, तर गाडी खडखडत का होईना, चालू राहिली.

मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “किट खराब आहे. परत करा यार, आणि घरी या.”

बाबांनाही ते पटलं होतं. पण मला नाही. माझं काम सॉफ्टवेअर तपासायचं. ‘चालत नाही’ एवढं सांगून माझ्या ऑफिसात भागत नाही. कधी चालतं आणि कधी चालत नाही, ते सांगावं लागतं.

“किट खराब असतं तर इंजिन पेटलंच नसतं ना?” मी म्हटलं. “सेल्फ चालू आहे तोवर ते चालतंय. चावी सोडली की मरतंय. दर वेळी तसंच होतंय. चावी सोडल्यावर असं काय बदलतं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “मल्टिमीटर आण.”

किट पुन्हा बसवलं. मीटरचं एक टोक मी कॉइलच्या प्लसवर, दुसरं इंजिनच्या धातूवर धरलं आणि बाबा चावी फिरवायला बसले. बॅटरी बारा व्होल्टची, पण नुसती चावी लावली तर मीटर सहा-सातच्या वर जाईना. सेल्फ मारला की आकडा दहाच्या पुढे उडी मारायचा. मी आकडे ओरडून सांगत होते. दुसऱ्यांदा सांगितल्यावर आतून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नाहीये. मी जाऊन पाहिलं तर ते हसत होते.

“अगं, जन्म विजेत गेला माझा,” ते म्हणाले. “आणि डोळ्यासमोर असून ते दिसलं नाही.”

ते खाली उतरले आणि त्यांनी आतल्या पत्र्यावर स्क्रूनं बसवलेली पांढऱ्या चिनी मातीची एक वडी दाखवली. तो रोधक होता. पॉइंट जळू नयेत म्हणून कॉइलला जाणारी वीज तिथे मुद्दाम कमी केलेली असते. सेल्फ मारताना तेवढ्यापुरती ती दुसऱ्या वायरनं पूर्ण मिळते, गाडी पटकन पेटावी म्हणून. पॉइंटना कमी वीज चालत होती. नव्या सेन्सरला मात्र कायम पूर्ण हवी होती.

“म्हणजे किट चांगलं आहे?”

“बिल्कुल चांगलं आहे. आपण त्याला उपाशी ठेवलं.”

लाल वायर कॉइलवरून काढून मी रोधकाच्या अलीकडच्या टोकाला, जिथे पूर्ण वीज येते तिथे जोडली. बाबांनी सेल्फ मारला, चावी सोडली, आणि इंजिन चालू राहिलं. मात्र ते अंगात आल्यासारखं हलत होतं. बाबांनी मला डिस्ट्रिब्युटर दोन्ही हातांनी धरून किंचित फिरवायला सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

“अजून थोडं. अजून. गेलं पुढे, मागे ये. हां, तिथेच! हलवू नकोस.”

मलाही तो फरक ऐकू आला. थडथड मावळली आणि एकसारखा आवाज सुरू झाला. मी बोल्ट आवळला. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

बाबांनी लगेच गाडी फिरवायला घेतली. मी कुंपणाशी उभी राहून पाहत होते. जाताना छान गेले. परत येताना मात्र ब्रेकवर पाय वेळेत पडला नाही आणि पिकअप मोगऱ्याच्या कुंड्यांच्या रांगेत शिरली. चारपाच फुटल्या. मी धावले. त्यांना काही लागलं नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. उजवा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही.

“पायसुद्धा जड झालाय,” ते म्हणाले. “तुझ्या नवऱ्याला सांग, त्या डॉक्टरची वेळ घे म्हणावं.”

मी मान हलवली. मग खापऱ्या गोळा करायला लागले. तेही उतरले आणि डाव्या हातानं मोगऱ्याची रोपं उचलून सावलीत ठेवायला लागले.

पुढे तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. थरथर बरीच कमी आहे, पण चावी त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. दर रविवारी मी चालवते आणि ते शेजारी बसतात. क्लचवर पाय ठेवून बसायची माझी खोड त्यांना सहन होत नाही. परवा मातीची पोती भरून निघालो तर म्हणाले, “पाय काढ तिथून, प्लेट जाळशील.” मी म्हटलं, “काढलाय की, बाबा.” त्यांनी वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, “अच्छा, चलो मग.”